वावडिंग : नाव एक, माल दुसरा

तान्ह्या बाळाच्या दुधात वावडिंगाचे चार दाणे उकळण्याची रीत महाराष्ट्रात घरोघरी आहे. हे दाणे कोणत्या वेलीचे, याची चौकशी मात्र क्वचितच होते.

आयुर्वेदातील विडंग, म्हणजेच वनस्पतिशास्त्रातील ‘एम्बेलिया राइबीस’, हे इतर झाडांच्या आधाराने चढणारे वेलवजा झुडूप होय. पश्चिम घाटातील ओलसर सदाहरित रानांत, श्रीलंकेत आणि आग्नेय आशियात ते आढळते. पाने एकाआड एक. फुले बारीक, हिरवट पांढरी, फांद्यांच्या टोकाशी मोठ्या फुलोऱ्यात येणारी. वाळलेले फळ थेट मिऱ्यासारखे दिसते. एकेकाळी ते मिऱ्यात भेसळीसाठीही वापरीत. आत एकच ठिपकेदार बी असते. संस्कृतातील ‘चित्रतंडुला’ हे नाव त्यावरूनच पडले. हे बी सहजासहजी रुजत नाही, आणि फळांसाठी पुष्कळदा फांद्याच तोडल्या जातात. वेल दुर्मीळ झाली ती अशी.

अर्थशास्त्राच्या नियमानुसार एव्हाना वावडिंगाची किंमत कडाडावयास हवी होती. तसे घडले नाही, कारण त्याच नावाने त्याच भावकीतील ‘एम्बेलिया त्सेरियम-कोट्टम’ची फळे सर्रास विकली जातात. हे झुडूप पानझडी रानांतही विपुल आहे. त्याची फुले पानांच्या बगलेत येतात; पण वाळलेल्या दाण्याला फुलोरा कोठून असणार? एम्बेलिन हे द्रव्य दोहोंत असल्याने केवळ त्याच्या चाचणीने निवाडा होत नाही. अटकीच्या फळांची भेसळ तेवढी दाणा फोडताच उघडी पडते, कारण त्यात अनेक बिया असतात.

पर्यायी माल वापरण्यास हरकत असण्याचे कारण नाही. हरकत आहे ती नाव लपविण्यास. दुकानातील बरणी भरलेली दिसते, तोवर रानातील टंचाईची वार्ता ग्राहकापर्यंत पोहोचतच नाही. आणि अस्सल वेल राखणाऱ्याला, वा छाटकलमे लावून ती वाढवू पाहणाऱ्याला, चार पैसे अधिक मिळण्याची वाटही बंद होते. शिवाय रानातील मालाच्या भावात तोडणीची मजुरी धरली जाते, वेल पुन्हा उभी करण्याचा खर्च नव्हे.

तेव्हा औषधाच्या वेष्टनावर नुसते ‘वावडिंग’ न छापता वनस्पतीचे शास्त्रीय नाव आणि माल रानातला की लागवडीचा, हे दोन्ही छापण्याची सक्ती हवी. व्यापारी याला किचकट म्हणतील. मिरीच्या व्यापारात प्रतवारी पाळणाऱ्यांना ते अवघड जाऊ नये.