माका कुठल्या पाण्यावरचा?

भाद्रपद आला की माक्याला एकदम मान येतो. गणपतीच्या एकवीस पत्रींत तो हवा, पुढे पितृपंधरवड्यात श्राद्धालाही हवा. एरवी राजगुरुनगरच्या बाजूला कांद्याच्या वाफ्यात दिसला की त्याची जागा खुरप्याखाली. (कांदा-लसूण संशोधन संचालनालयाच्या गावात वाफ्यातल्या तणाची बाजू घेणे हे तसे धाडसच.) पण केशतेलाच्या कारखान्याला लागणारा माल पत्रीच्या जुड्यांनी भागत नाही. तो ओढ्याकाठी, कालव्याच्या पाझरावर कापला जातो आणि गोणीत भरून येतो. आमचे म्हणणे या गोणीबद्दल आहे.

राजगुरुनगरच्या या खेड तालुक्यात पश्चिमेला वाडा गावापासून भीमाशंकरपर्यंत भातखाचरे आहेत. दक्षिणेला चाकण, महाळुंगे, कुरुळी, निघोजे हा कारखान्यांचा पट्टा. याच तालुक्यातल्या आळंदीत इंद्रायणीवर तरंगणारा पांढरा फेस वारकऱ्यांनी पाहिला आहे, वर्तमानपत्रांनी छापला आहे. माका मात्र दोन्हीकडे सारखाच हिरवागार. त्याला ओल मिळाली की पुरे, ती कशाची आहे हे तो विचारत नाही. सांडपाण्याच्या कडेला तर तो अधिकच माजतो, आणि कापणाऱ्याला तोच सोयीचा पडतो.

पाण्यातले आणि गाळातले जड धातू मुळांवाटे झाडात चढतात. झाड वाळले की पाणी उडते, धातू तिथेच राहतात. आयुर्वेदिक औषधांत दर दहा लाख भागांत शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ याहून जास्त चालत नाही. यातला शेवटचा आकडा पुन्हा वाचावा. तळहातावर पाला चोळून काळपट रंग सुटतो का, ही आपली जुनी परीक्षा ओळख पटवायला चांगली आहे. झाड कुठल्या पाण्यावर वाढले, हे तिला कळत नाही. तण मारायला फवारलेल्या बांधावरचा मालही असाच चोळला तर काळाच होणार.

जाता जाता एक. कारखान्यांच्या आवारात आणि रस्त्यांच्या दुभाजकांत जमिनीवर पसरणारी, पिवळ्या फुलांची वेडेलिया असते. ती अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातली, जगातल्या शंभर उपद्रवी परक्या जातींच्या यादीत नाव असलेली. पिवळा माका म्हणून कुणी ती पुढे केली तर परत पाठवावी.

ओढ्याकाठच्या गोणीचा असा भरवसा नाही, म्हणून माका लावायचा, आणि चांगल्या पाण्यावर लावायचा. लागवड अवघड नाही, पण सुरुवातीलाच एक गोष्ट अनेकांना नडते. माक्याचे बी बारीक असते आणि त्याला उगवायला उजेड लागतो. मिरचीच्या बियासारखे मातीआड केले तर ते उगवत नाही, आणि मग बी खोटे निघाल्याचा बोभाटा होतो. गादीवाफा भिजवून बी वर भुरभुरावे, हाताने हलके दाबावे आणि झारीने ओल टिकवावी. कांड्यांनाही पेरांवर मुळे फुटतात, त्यामुळे नांगे भरायला रोपे कमी पडली तरी अडत नाही. फुले दिसू लागली की जमिनीपासून चार बोटे ठेवून कापावे, पुन्हा फुटवे येतात. गिऱ्हाइकाला पंचांग (अख्खे झाड) हवे असेल तर शेवटची खेप मुळासकट उपटावी आणि मुळे धुऊन घ्यावीत. वाळवण सावलीत, पातळ पसरून. ढीग तसाच राहिला तर आतून तापतो, काळा पडतो, आणि एका रात्रीत महिन्यांची मेहनत जाते.

खरी अडचण भावाची आहे. ओढ्याकाठच्या माक्याला फक्त कापणीची मजुरी पडते. लागवडीच्या माक्याला रोपे, पाणी, खुरपणी, वाळवण असे सगळे. दोन्ही एकाच काट्यावर, एकाच दराने जाणार असतील तर शेतकऱ्याने तो का लावावा? खरेदीदार वैद्यांना आणि उत्पादकांना आम्ही स्पष्ट सांगतो, स्वस्त गोणी ही तुमचीच मागणी आहे. गोणीवर गाव, गट क्रमांक, पाणी कुठले आणि कापणीची तारीख लिहून मागा. ते लिहून देणाऱ्याला दर वाढवून द्या, आणि त्यातल्या काही गोण्यांचे नमुने प्रयोगशाळेत पाठवा. लिहिलेले खोटे निघाले तर पुढच्या वर्षी त्याच्याकडून घेऊ नका.

लावणाऱ्यांनीही पाण्याचा आणि मातीचा नमुना रोपे टाकण्याआधी तपासून घ्यावा. माल वाळून गोणीत गेल्यावर आलेला अहवाल कुणाच्याच कामाचा नसतो.