विश्लेषण : स्तनाच्या कर्करोगात जनुकीय चाचणी कोणासाठी?

छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात मराठवाड्यासह विदर्भ, खान्देशातूनही महिला येतात. अनेकींची गाठ तोवर वाढलेली असते. तिथे जनुकीय चाचणीची भाषा चैनीची वाटेल. ती कोणाची करायची हे ठरवले, तर तसे राहत नाही.

जनुकांचा संबंध काय?

स्तनाच्या कर्करोगाच्या साधारण ५ ते १० टक्के रुग्णांत आजार आनुवंशिक असतो. ‘बीआरसीए-१’ आणि ‘बीआरसीए-२’ ही जनुके पेशीतील डीएनएची दुरुस्ती करतात. त्यांत जन्मजात दोष असल्यास आयुष्यभरातील धोका ६० टक्क्यांपुढे जाऊ शकतो. अशा महिलांची तपासणी तरुणपणीच, एमआरआयसह सुरू करावी लागते. हा दोष वडिलांकडूनही येतो. आपल्याकडे मात्र आत्याचा कर्करोग ‘सासरच्या घरचा’ समजून मोजलाच जात नाही.

सरसकट चाचणी का नको?

अमेरिकेतील ‘विस्डम’ अभ्यासात २८ हजारांहून अधिक महिलांपैकी एका गटाची तपासणी वय, जनुके, घराण्यातील आजार यांवरून ठरवली. दरवर्षी मॅमोग्राफी करणाऱ्या गटाच्या तुलनेत पुढच्या टप्प्यातील कर्करोग वाढले नाहीत. पण तिथे मॅमोग्राफी आधीपासून रुळलेली आहे. भारतात ३० ते ४९ वयोगटातील जेमतेम ०.९ टक्के महिलांनी कधीतरी स्तनतपासणी केली होती, असे २०१९-२१ चे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगते.

आपल्याकडचा पुरावा मुंबईचा आहे. टाटा मेमोरियलने सुमारे दीड लाख महिलांवर २० वर्षे केलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने केलेल्या तपासणीने पन्नाशीपुढील महिलांचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. महागडे यंत्र एकही नव्हते.

मग सुरुवात कुठून?

आशाताई घरोघरी भरतात त्या अर्जात आई-वडील, भावंडांच्या रक्तदाब, मधुमेह, हृदयविकाराची चौकशी असते; कर्करोगाची नाही. हा एक प्रश्न वाढवायला पैसा लागत नाही. घरात कमी वयात स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कर्करोग झालेल्या महिला त्यातून सापडतील आणि चाचणी त्यांच्यापर्यंत नेता येईल. त्यातही शक्यतो आधी रुग्णाची चाचणी करावी. तिच्यात दोष सापडला, तरच बहिणी-मुलींच्या अहवालाला नेमका अर्थ राहतो. काही वेळा अहवाल ‘अर्थ अनिश्चित’ असा येतो. त्यावरून कोणी शस्त्रक्रियेची घाई करू नये, म्हणून समुपदेशन रक्त घेण्याआधीच व्हायला हवे.