मालधक्का गेला, थांबा गेला. आता स्टेशनाचं काय?

दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. १८७६-७७ च्या दुष्काळात त्याच्या मातीकामावर आपल्याच जिल्ह्यातली माणसं राबली. १९२६ मध्ये भंडारदरा धरण पुरं झालं, कालव्याखाली ऊस वाढला आणि बेलापूर स्टेशनाभोवती श्रीरामपूरची पेठ वसली.

विळद, सारोळा, चितळी, कान्हेगाव अशा लहान स्टेशनांच्या वाट्याला हे भाग्य आलं नाही. यामागं तीन कारणं आहेत.

पहिलं कारण मालाचं. पूर्वी एक-दोन वाघिणी भरूनही माल पाठवता येई. १९८०-९० च्या सुमारास रेल्वेनं सुटा माल बंद करत आणून पूर्ण रेकचा आग्रह धरला. रेक म्हणजे चाळीसेक वाघिणी, अंदाजे अडीच हजार टन. दहा टनी अडीचशे ट्रक! एवढा माल एका गावातून निघणार कुठून? धंदा रस्त्यावर गेला.

दुसरं कारण प्रवाशांचं. मार्च २०२० च्या टाळेबंदीत पॅसेंजर थांबल्या. पुढं त्यातल्या बऱ्याच एक्स्प्रेस होऊन परतल्या आणि देशभर लहान थांबे गळाले. जळगाव जिल्ह्यातली ५६ किलोमीटरची पाचोरा-जामनेर छोटी गाडी तर तेव्हापासून बंदच पडली.

तिसऱ्या कारणाकडं फारसं कुणाचं लक्ष नाही. एकेरी मार्गावर समोरासमोरच्या गाड्यांच्या क्रॉसिंगसाठी दर काही मैलांवर स्टेशन लागतंच. दुहेरीकरण झालं की ही गरज संपते. दुहेरीकरण हवंच आहे, पण लहान स्टेशनाचा शेवटचा आधारही त्यानं जातो, हे ओळखून आत्ताच हालचाल केली पाहिजे.

२०२० मध्ये सांगोला-मनमाड किसान रेल याच मार्गानं धावली. थोडा मालही घेतला जाई, भाजीपाला-फळांच्या भाड्यात निम्मी सवलत होती. अनुदान आटलं तशी ती सेवा थंडावली. पण सुटा माल घेणारी गाडी आली तर शेतकरी स्टेशनावर जातो, एवढं तिनं दाखवून दिलं.

म्हणून सरपंच-ग्रामसेवकांनी नुसतं निवेदन देऊन थांबू नये. स्टेशनाभोवतालच्या चार-पाच गावांनी मिळून नोंद करावी : रोज नगर-श्रीरामपूरला जाणारे विद्यार्थी व नोकरदार किती, महिन्याला कांदा, लिंबू, भाजीपाला किती. ती यादी ग्रामसभेच्या ठरावासोबत जोडावी. तिकीटविक्रीसाठी कमिशनवर हॉल्ट एजंट नेमायची सोय रेल्वेत आहे, तीही मागावी. आणि थांबा मिळालाच, तर तिकीट काढूनच प्रवास करावा. रेल्वे आकडा बघते, आणि फुकट्या प्रवाशाचा आकडा कुठंच लागत नाही.