लपविण्याचे व्याकरण

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने आपल्या कित्येक पिढ्यांना इंग्रजीतील काळ शिकविले. परंतु एक पाठ घरोघरी व्हावयाचा राहिला आहे. 'आय हॅव मेट समवन' या वाक्यात भेटलेली व्यक्ती स्त्री की पुरुष, हे इंग्रजी क्रियापद सांगत नाही. मराठीत मात्र 'भेटला' किंवा 'भेटली' म्हटल्यावाचून सहसा सुटका नाही. वर्तमानकाळातही 'आवडतो' की 'आवडते' हे बहुधा ठरवावे लागते. भविष्यकाळात तेवढी मोकळीक मिळते: भेटेल, आवडेल, येईल. आपले समलिंगी असणे आईवडिलांपासून लपविणारा मराठी मुलगा म्हणूनच भविष्यकाळात बोलतो. 'लग्न केव्हा करणार?' 'करीन.' अधिक चतुर असला तर 'एक व्यक्ती भेटली आहे' असे म्हणून स्त्रीलिंगी नामाच्या आडोशाला उभा राहतो. लक्ष्मीबाई नगरातील सरकारी वसाहतीत राहून मी याच व्याकरणाने घरी बोलत आलो आहे. सबब हे ऐकीव नव्हे.

आमच्यातील काही सुशिक्षित गृहस्थ विचारतात, "कायदा बदलला, आता लपविता कशाला? हा भ्याडपणा नव्हे काय?" ज्यांना उत्तराची किंमत मोजावी लागत नाही, त्यांचा हा प्रश्न आहे. १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३७७ दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली प्रौढांच्या संमतीच्या खाजगी संबंधांपुरते दूर केले. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ते पुन्हा जिवंत केले आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी स्वतःचाच तो निर्णय फिरविला. विवाहाची मान्यता तर २०२३ च्या निकालानेही नाकारली. ज्या प्रश्नावर न्यायालयांना नऊ वर्षांत तीन निर्णय द्यावे लागले, तो मुलाने रजेच्या चार दिवसांत आईपुढे निकालात काढावा, ही अपेक्षा कोणत्या न्यायाची?

शिवाय हे लपविणे एकट्याचे नसते. कचेरीत ज्या फायलीवर कोणासच सही करावयाची नसते, ती 'विचाराधीन' राहते; 'करीन' हा तसाच शेरा होय, आणि त्यावर घरातील सर्वांची मूक संमती असते. पस्तिशी ओलांडलेल्या मुलाला जे घर वर्षानुवर्षे 'केव्हा करणार' एवढेच विचारते, ते उत्तराचा काळ आधीच नेमून देते. मग त्याला खोटारडा म्हणण्याचा अधिकार त्या घराला उरत नाही.

तेव्हा मुलांना उपदेश पुरे. वडीलधाऱ्यांनी आपला प्रश्न वर्तमानकाळात आणावा: "तुझ्याजवळ कोण आहे? सुखात आहेस ना?" मराठीचे 'आहे' हे क्रियापद स्त्री-पुरुष भेद करीत नाही. निदान तेवढे औदार्य ती भाषा बोलणाऱ्यांनी दाखवावे.