शब्दाचे सोबती

इंग्रजी शिकू लागलेला प्रौढ विद्यार्थी बहुधा शब्दांच्या याद्या पाठ करतो. 'टेक' म्हणजे 'घेणे' एवढे लक्षात ठेवले, की हे क्रियापद आपल्याला आले, असे त्याला वाटते. ही समजूत अपुरी आहे.

'टेक मेडिसिन' म्हणजे औषध घेणे. येथे मराठी व इंग्रजी एकाच वाटेने चालतात. 'टेक अ फोटो' म्हणताच वाट बदलते, कारण मराठीत छायाचित्र 'काढतात'. परीक्षेच्या बाबतीत तर दिशाच उलटते. मराठीत विद्यार्थी परीक्षा 'देतो' आणि शाळा ती 'घेते'. रूढ इंग्रजीत मात्र विद्यार्थ्यासाठीच 'टेक' योजतात.

क्रियापदापुढे एखादे लहानसे अव्यय आले, की अर्थ आणखी पालटतो. 'टेक ऑफ' म्हणजे पायांतील जोडे काढणे, तसेच विमानाने उड्डाण करणे. 'आफ्टर' म्हणजे 'नंतर'. पण मुलगी आईच्या वळणावर गेली, हे सांगण्यासाठी 'टेक आफ्टर' वापरतात.

हा इंग्रजीचा लहरीपणा मानणे योग्य नव्हे. मराठीतही भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते आणि दिवाही लागतो. हे 'लागणे' कोणी यादीतून शिकलेले नसते. ते बोलता-ऐकता अंगवळणी पडते. म्हणून इंग्रजी क्रियापदही त्याच्या सोबत्यांसह, पूर्ण वाक्यात शिकावे. वाढत्या वयाला आणि स्मरणशक्तीला दोष देण्यापेक्षा शिकण्याची पद्धत बदलणे अधिक हिताचे आहे.