मुलाची जबानी, मोठ्यांचा दावा

अंबडसारख्या तालुक्याच्या गावी नवराबायकोचे बिनसले की पूर्वी दोन्हीकडची वडीलधारी माणसे बसत आणि मूल कोणाकडे राहायचे ते ठरवून उठत. त्या बैठकीत मुलाला कोणी विचारत नसे, हेही खरेच. आता हा वाद न्यायालयात जातो आणि काही प्रकरणांत ताब्याच्या अर्जापाठोपाठ आईवर वा बापावर मुलाच्या लैंगिक छळाची फिर्याद येते. ‘पॉक्सो’ या २०१२ च्या कायद्यान्वये पोलिसांना ती नोंदवावीच लागते. मग आरोपित पालकाच्या भेटी बहुधा थांबतात किंवा परक्या नजरेखाली उरतात. खटला रेंगाळतो, मूल एकाच पक्षाची कथा ऐकत वाढते. पुढे आरोप खोटा ठरला तरी तुटलेले नाते सहसा सांधत नाही.

केरळातील कडक्कावूरचे प्रकरण या दृष्टीने डोळ्यांत अंजन घालणारे आहे. विभक्त पतीच्या तक्रारीवरून डिसेंबर २०२० मध्ये एका मातेला स्वतःच्याच मुलाच्या छळाच्या आरोपाखाली अटक झाली. जानेवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला, विशेष पथकाच्या तपासात आरोपात तथ्य आढळले नाही आणि वर्षअखेरीस ती दोषमुक्त झाली. पण दरम्यान तिची अब्रू चव्हाट्यावर आली होती.

म्हणून असा प्रत्येक आरोप बनावट समजायचा काय? मुळीच नाही. कॅनडातील १९९८ च्या देशव्यापी पाहणीत ताब्याचा वाद असलेल्या प्रकरणांपैकी सुमारे १२ टक्के तक्रारी हेतुपुरस्सर खोट्या आढळल्या; आणि असे खोटे बोलणाऱ्या पालकांत मूल ज्यांच्याकडे नाही असे, म्हणजे बहुधा वडील, आघाडीवर होते. सुडाने पेटलेल्या सुनेचे चित्र रंगवणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. ‘संस्कारी घरात असले काही घडत नाही’ हे वाक्य तर निव्वळ आत्मवंचना आहे. घर सोडल्यानंतरच मुलाला बोलण्याचे धैर्य येऊ शकते. तेव्हा तक्रारीची वेळ संशयास्पद वाटली, एवढ्याने ती खोटी ठरत नाही.

खरी गोम वेगळीच आहे. कलम २६ प्रमाणे मुलाची जबानी आईवडिलांच्या किंवा मुलाचा विश्वास असलेल्या अन्य व्यक्तीच्या उपस्थितीत नोंदवायची असते. ताब्याच्या भांडणात आईवडील हेच वादी-प्रतिवादी! ज्याच्या बाजूला बसून मूल बोलते, त्याच्याच घरी त्याला रात्री परतायचे असते. या पेचावर कायद्यात उतारा आहे. ‘अन्य व्यक्ती’ची मुभा त्याच कलमात आहे आणि २०२० च्या नियमांनुसार बाल कल्याण समिती मुलाला साहाय्यक व्यक्ती देऊ शकते. विशेष न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष नोंदवावी, असे कलम ३५ सांगते. कलम २२ खोट्या तक्रारीला सहा महिन्यांपर्यंतची कैद किंवा दंड सांगते, मात्र मुलाला त्यातून वगळते. ही तरतूद योग्यच आहे. पढवलेल्या पोराला शिक्षा करणे हा दुहेरी अन्याय ठरला असता.

वकिलांना हे सारे ठाऊक असते. तरीही ३० दिवसांची मुदत पाळा, असा आग्रह धरणारे कितीसे? विलंब ज्याच्या पथ्यावर पडतो तो पक्ष तारीखच मागणार. तेव्हा हे काम न्यायाधीशांनीच अंगावर घ्यायला हवे. ताब्याचा अर्ज व अशी फिर्याद एकाच वेळी प्रलंबित असेल, तर पहिल्याच तारखेला विचारावे: जबानी कोठे नोंदली, मुलाशेजारी कोण बसले होते आणि साहाय्यक व्यक्ती अजून का नेमली नाही?