खेळातला कारखाना आणि घरातली चकली

पटावरचा 'व्यापार' आपल्यापैकी बहुतेकांनी खेळला आहे. फाशाने साथ दिली की मुंबई आपली आणि भाडेही आपले! आजची मुले संगणकावर जे उद्योगधंद्याचे खेळ खेळतात, त्यांत मात्र फाशावर भिस्त नसते. शेत घ्यायचे, कारखाना उभारायचा, मजुरी द्यायची आणि माल इतर खेळाडूंना विकायचा. भाव त्यांच्याच मागणी-पुरवठ्यावर ठरतात. 'ईव्ह ऑनलाइन' हा खेळ चालवणाऱ्या आइसलँडच्या कंपनीने तर २००७ मध्ये त्यातील बाजारावर लक्ष ठेवण्यासाठी चक्क एक अर्थशास्त्रज्ञ नेमला होता.

गाझियाबादला राहणाऱ्या आमच्या परिचयाच्या एका मराठी कुटुंबातला अकरावीतला मुलगा असाच एक खेळ खेळतो. (पैसे लावून खेळायचे खेळ वेगळे. त्यांवर संसदेने २०२५ मध्ये कायद्याने बंदी घातली.) जवळच मोदीनगर, तिथे १९३३ पासूनचा साखर कारखाना. तेव्हा यानेही खेळात साखरच काढली. त्याचा तासाचा हिशेब असा: साखर विकून ४,५०० मिळाले. हजार मण ऊस स्वतःच्या शेतातला, तो पिकवायला मणाला २ प्रमाणे २,००० लागले. मजुरी ९००, वाहतूक आणि दलाली ४००. नफा १,२००. स्वारी खूश!

पण बाजारात त्याच उसाला मणाला ३ भाव होता. काही न करता ऊस तसाच विकला असता तरी त्याला १,००० सुटले असते. म्हणजे कारखान्याची खरी कमाई फक्त २००. कारखान्याला लागले होते एक लाख. ते वसूल व्हायला ५०० तास, म्हणजे रात्रंदिवस चालवला तरी एकवीस दिवस. आणि मुलगा झोपला की कारखानाही झोपतो! शिवाय साखरेत नफा दिसला की दहाजण साखरेत उतरतात. मग उसाचा भाव चढतो, साखरेचा पडतो. उसाने पाव रुपया जरी खाल्ला तरी हे २०० संपले.

घरचे ते फुकट, ही समजूत फक्त मुलांची असते असे नाही. याच मुलाची आई ओळखीच्या घरांतून चकलीच्या ऑर्डरी घेते. पाच किलोचे २,००० येतात. भाजणी, तेल, गॅस, पिशव्या मिळून १,३०० जातात. उरलेले ७०० ती नफा म्हणून डब्यात ठेवत असे. खेळाचा हिशेब सुधारल्यावर चिरंजीवांनी विचारले, "आई, तुला किती वेळ लागतो गं?" भाजणी भाजण्यापासून पिशव्या भरेपर्यंत दहा तास. मदतीला बाई ठेवली तर तासाला ८० द्यावे लागतील, म्हणजे ८००. धंदा शंभर रुपये तोट्यात!

घरच्या बाईच्या वेळेला मोल नसते, असे आपणच ठरवून टाकले आहे. १९५९ मध्ये मुंबईत गिरगावच्या एका गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून उभ्या राहिलेल्या लिज्जत पापडमध्ये लाटणारीला किलोमागे लाटणावळ मिळते. नफ्याचे वाटप त्यानंतर. मेहनत खर्चातच धरलेली असते.

त्या माउलीने भाव किलोला ४० रुपयांनी वाढवला. दोन घरांनी नाके मुरडली, एकीने ऑर्डर रद्दच केली. उरलेल्यांनी घेतली. आता प्रत्येक पाच किलोमागे मेहनताना काढून १०० उरतात. हे हिशेबाचे पान मुलाने स्वयंपाकघरात फ्रिजवर चिकटवले आहे. त्यात गॅसचा आकडा कमी धरला आहे, असे तिचे म्हणणे असून त्यावरून मायलेकांचा वाद अजून चालू आहे.